मोठा ब्लॉक नसलेल्या माणसांना मोहिमेबाहेर ठेवू नका : हृदयरोग तपासणी मोहिमेच्या संयोजकांना खुलं पत्र

प्रति,
संयोजक मंडळ, हृदयरोग तपासणी मोहीम,
तसंच मोहिमेत काम करणारे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि आरोग्य अधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

पाऊस सरला की आपल्या किनाऱ्यावरच्या गावांतून हृदयरोग तपासणीची मोहीम निघणार, हे कळलं तेव्हा मनापासून बरं वाटलं होतं. नंतर मोहिमेची नियमावली हातात आली. तिच्यातल्या दोन अटींबद्दल हे पत्र आहे. पहिली अट अशी की, ज्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २५ किंवा त्याहून जास्त आहे त्यांचाच ईसीजी आणि इको होईल आणि गरज वाटल्यास त्यांनाच पुढे सिटी अँजिओग्राफीला पाठवलं जाईल. दुसरी अशी की, ज्यांची अँजिओग्राफी आधी झाली आहे आणि तिच्यात मोठा ब्लॉक दिसला नव्हता, त्यांनी शिबिराला येऊ नये, त्यांना धोका नाही असं धरलं जाईल.

या दोन्ही अटी चुकीच्या आहेत. त्यांच्यामुळे नेमकी ज्यांना शोधायला हवं तीच माणसं बाहेर राहतील. हे आपल्या कार्यालयात येऊन सांगितलं असतं, पण ज्यांना वगळलं जाणार आहे त्यांनाही ते कळायला हवं, म्हणून सर्वांसमोर लिहिते आहे.

मी देवगड तालुक्यात मेडिकल चालवते. बी.फार्म. करून गावी परतले तेव्हापासून याच काउंटरमागे उभी आहे. कोण कुठली गोळी घेतो, कोण मध्येच सोडतो आणि का सोडतो, हे आमच्याइतकं जवळून क्वचितच कुणी पाहतं. कोल्हापूरहून किंवा गोव्याहून अँजिओग्राफी करून आलेला माणूस दुकानात येतो आणि म्हणतो, "ताई, रिपोर्ट नॉर्मल इलो. आता ती कोलेस्टेरॉलची गोळी कित्याक?" फाईल उघडून बघावं तर आत धमनीत साका, म्हणजे चरबीचा थर, साठल्याची नोंद असते, फक्त ती वाट अडवण्याइतकी मोठी नसते. ती नोंद त्याला कुणी वाचून दाखवलेली नसते.

माझ्या धाकट्या भावाचं हेच झालं. अंगाने काटक, कलमांवर चढून आंबे काढणारा, फवारणीपासून पेट्या भरण्यापर्यंत सगळं स्वतः करणारा. शुगर सीमेवर, तंबाखूची सवय, आणि आमच्या वडिलांना पन्नाशीतच अटॅक आलेला. छातीत भरून येतं म्हणून त्याची सिटी अँजिओ झाली. डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत तीस टक्क्यांच्या आसपास अरुंदपणा होता. त्याला सांगितलं गेलं, मोठा ब्लॉक नाही, घरी जा. गावातल्या डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी त्याने त्याच आठवड्यात बंद केली. मी सांगत राहिले. पण छापील कागदापुढे बहिणीचं कोण ऐकतं? वर्ष उलटायच्या आत त्याला अटॅक आला. तो वाचला, पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. आता कलमावर दुसरा कुणी चढतो.

त्याच्या हृदयाभोवतीच्या चरबीत तेव्हा काय चाललं होतं, हे मला सांगता येणार नाही. कारण ते कुणी पाहिलंच नाही. चित्र काढलेलं होतं, ती चरबी त्या चित्रात होती, आणि अहवालात तिच्याबद्दल एक ओळही नव्हती.

माझी पहिली तक्रार याबद्दलच आहे, आणि ती जरा सविस्तर मांडावी लागेल.

हृदयाचा स्नायू आणि त्यावरचं पातळ आवरण यांच्यामध्ये चरबीचा एक थर असतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांचा बराचसा प्रवास याच थरातून होतो. पोटावरच्या चरबीसारखी ही चरबी वेगळी, दूर पडलेली नसते. तिच्या आणि स्नायूच्या मध्ये पडदा नाही, दोघांचा रक्तपुरवठा एकच. चांगल्या अवस्थेत ती उपकारकच आहे : स्नायूला इंधन देते, धमन्यांना धक्क्यापासून जपते, दाह (पेशींतली सूज) शमवणारी ॲडिपोनेक्टिनसारखी द्रव्यं सोडते. पण ती वाढली आणि बिघडली की तिच्यात रोगप्रतिकारक पेशींची गर्दी होऊ लागते. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी, टी लिम्फोसाइट, मास्ट पेशी. एरवी या पेशी जंतूंशी लढतात, मेलेल्या पेशींची साफसफाई करतात. इथे मात्र त्या धमनीच्या अगदी लगत बसून दाह पेटता ठेवणारी द्रव्यं सोडत राहतात, आणि ती द्रव्यं धमनीच्या भिंतीपर्यंत पोचतात.

ही कल्पना आजची नाही. २००३ साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात बायपास झालेल्या ४२ रुग्णांचा अभ्यास आला. एकाच रुग्णाची हृदयावरची आणि कातडीखालची अशी दोन्ही चरबी तपासून पाहिली गेली. हृदयावरच्या चरबीत आयएल-१ बीटा, आयएल-६, टीएनएफ-अल्फा ही दाहाची द्रव्यं जास्त होती, आणि दाहक पेशी तिथे गोळा झालेल्या दिसल्या. आपल्या नियमावलीच्या दृष्टीने त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, रुग्णाचा बीएमआय किती, त्याला मधुमेह आहे की नाही, यावर हा फरक अवलंबून नव्हता. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी त्याच चरबीतले मॅक्रोफेज मोजले. दाह वाढवणारा एक प्रकार आणि दाह शमवणारा दुसरा, अशी त्यांची ढोबळ विभागणी करतात. करोनरी धमन्यांचा आजार असलेल्यांत पहिल्या प्रकाराचं पारडं जड होतं, आणि आजार जितका तीव्र तितकं ते अधिक जड.

चरबीच धमनी बिघडवते, की बिघडलेली धमनी चरबीला बिघडवते? दोन्ही दिशांचे पुरावे आहेत. ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की, दाह झालेल्या धमनीतून बाहेर झिरपणारी द्रव्यं शेजारच्या चरबीपेशींना नीट पक्व होऊ देत नाहीत. त्या लहान राहतात, त्यांच्यात तेल कमी आणि पाण्याचा अंश जास्त असतो. सिटी स्कॅनवर हा बदल मोजता येतो, कारण तेल आणि पाणी यांची घनता वेगळी दिसते. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये जर्मनीतल्या एरलांगेन आणि अमेरिकेतल्या क्लीव्हलँड इथल्या रुग्णांवरचा अभ्यास आला. उजव्या करोनरी धमनीभोवतीच्या चरबीचं हे माप उणे ७०.१ हाऊन्सफील्ड युनिटच्या (स्कॅनवरची घनता मोजायच्या एककाच्या) वर, म्हणजे पाण्याच्या बाजूला, गेलेल्यांत हृदयविकाराने मरण पावणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. त्यासाठी वेगळी सुई टोचावी लागली नव्हती. नेहमीच्याच स्कॅनमधली, एरवी कुणी न पाहिलेली जागा पाहिली होती.

आता आपल्या दुसऱ्या अटीकडे येते. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच ब्रिटनमधल्या ८ रुग्णालयांतल्या ४०,०९१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिटी अँजिओ झालेल्या या लोकांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांना वाट अडवणारा ब्लॉक नव्हता. आणि तरी पुढे हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी जवळजवळ दोन तृतीयांश मृत्यू याच गटात झाले. एकेका माणसाचा धोका मोठा ब्लॉक असलेल्यांपेक्षा कमी, हे खरंच. पण माणसं इतकी जास्त की मृत्यूंचा मोठा वाटा त्यांचाच. धमनीभोवतीच्या दाहाचं माप घेतल्यावर त्यांच्यातलेही जास्त धोक्याचे लोक वेगळे काढता आले. ज्या गटाला आपण येऊ नका म्हणता आहात, तो हा गट आहे.

लहान साका फुटून, त्यावर गुठळी होऊन अटॅक येतो, हे हृदयरोगतज्ज्ञांना मी सांगायला नको. तरीही नियमावलीत ते उतरलेलं नाही.

दुसरी तक्रार बीएमआयच्या अटीची. कोकणी माणूस दिसायला बारीक. आमच्याकडे हापूस बाहेरून पिवळाधमक असतो आणि कापल्यावर आत साका, म्हणजे बिघडलेला गर, निघतो. वजनकाट्यावर ठेवून तो कळत नाही. आपल्या देशातल्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवून दिली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. आपली २५ ची अट लावली तर दोघेही दारातूनच परत जातील. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या मर्यादा वेगळ्या आहेत : बीएमआय २३ पासून वजन जास्त धरायचं आणि कंबर पुरुषांची ९०, बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने कोकणातल्या किशोरवयीन मुलींचा दीर्घ अभ्यास हाती घेतला आहे. म्हणजे इथल्या बारीक शरीरांचा प्रश्न इथेच अभ्यासला जातो आहे, आणि आपली मोहीम त्याच लोकांना वगळते आहे.

वयाचंही तसंच. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासातली दक्षिण आशियातली आकडेवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे पहिल्या अटॅकचं मध्यक वय ५३, इतर देशांत जवळपास ५९. कमावत्या हाताची, लेकरांची शिक्षणं चालू असतानाची ही वर्षं आहेत.

तिसरी गोष्ट अंतराची, आणि ती आपल्याला ठाऊक आहे. अटॅक आल्यावर १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यावं, असा नियम आहे. देवगडहून कोल्हापूर गाठायचं तर घाट चढावा लागतो; सावंतवाडीकडचे लोक गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाकडे धावतात. जिथे रुग्णवाहिका वेळेवर पोचली तरी वाट लांबची आहे, तिथे अटॅक येण्याआधी माणूस ओळखण्याला शहरापेक्षा जास्त मोल आहे. मोहिमेचं महत्त्व मी मानते ते याचसाठी.

आधी ओळखून उपयोग काय, असंही कुणी विचारेल. स्कॉटलंडमध्ये ४,१४६ लोकांवर झालेल्या 'स्कॉट-हार्ट' चाचणीत, ज्यांची सिटी अँजिओ करून त्यानुसार उपचार ठरवले त्यांच्यात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा अटॅक येण्याचं प्रमाण २.३ टक्के होतं. ज्यांना नेहमीची तपासणी मिळाली त्यांच्यात ३.९ टक्के. फरक मुख्यतः पडला तो वेळीच सुरू केलेल्या साध्या प्रतिबंधक औषधांमुळे, असं मानलं जातं. जी गोळी माझ्या दुकानातून 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणून बंद होते, तीच.

चरबीही बदलते. डेन्मार्कमधल्या एका चाचणीत पोट सुटलेल्या ५० जणांना १२ आठवडे, आठवड्यातून ३ दिवस, ४५ मिनिटं व्यायाम करायला लावला. दमसासाच्या व्यायामाने हृदयावरची चरबी ३२ टक्क्यांनी आणि वजन उचलण्याच्या व्यायामाने २४ टक्क्यांनी उतरली. हे २०१९ साली प्रसिद्ध झालं. आमच्या गावांत चढउताराची कमी नाही, पण मुंबईहून निवृत्त होऊन आलेला चाकरमानी रिक्षाने बाजारात येतो. त्याला चालायला लावायचं तर कारण सांगावं लागेल, आणि ते डॉक्टरांनी सांगितलं तर पटेल.

दाह हाच शत्रू असेल तर दाहावरच औषध का नको, हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही घेतला. २०१७ च्या 'कॅन्टोस' चाचणीत १०,०६१ रुग्ण होते. आयएल-१ बीटा रोखणाऱ्या इंजेक्शनाने कोलेस्टेरॉल न उतरवताही अटॅकसारख्या घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या, पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. गाऊटसाठी (सांधे सुजवणाऱ्या आजारासाठी) आम्ही विकतो ती कोल्चिसिनची गोळी कमी मात्रेत काही मोठ्या चाचण्यांत उपयोगी ठरली, तर २०२४ च्या एका मोठ्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला म्हणून काउंटरमागून कळकळीने सांगते : ही गोळी मनाने घेऊ नका. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा सोबत क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक चालू असेल तर ती जीवावर बेतते.

आता मागण्या सांगते.

बीएमआय २५ ची अट काढा. तिच्या जागी कंबरेचं माप घ्या, आणि सोबत रक्तदाब, शुगर, तंबाखू, घरात लवकर आलेला अटॅक या गोष्टी विचारून निवड करा. टेप शिंप्याकडे मिळते. तिला निधी लागत नाही.

आधीच्या अँजिओत मोठा ब्लॉक न सापडलेल्यांना मुद्दाम बोलवा, त्यांचे जुने अहवाल मागवा. धमनीत थोडाही साका असल्याची नोंद असेल तर त्यांची गोळी चालू आहे की सुटली, हे डॉक्टरांनी विचारावं. या एका प्रश्नाने काय साधेल ते मी रोज पाहते आहे.

सिटी अँजिओच्या अहवालात 'कॅड-रॅड्स'चा, म्हणजे धमनी किती अरुंद झाली ते सांगणाऱ्या पद्धतीचा, ० (काहीच नाही) ते ५ (पूर्ण बंद) मधला क्रमांक लिहा. ही पद्धत २०१६ पासून आहे आणि रेडिओलॉजिस्टना परिचित आहे. १ आणि २ क्रमांकाच्या लोकांनाही प्रतिबंधक उपचारांचा विचार करावा, हे तिच्यातच सांगितलेलं आहे. हृदयाभोवतीची चरबी डोळ्यांत भरण्याइतकी जास्त दिसत असेल तर तेही एका ओळीत नोंदवा. अहवालाखाली चार वाक्यं मराठीत असू देत. आणि फिल्मसोबत स्कॅनची मूळ डिजिटल प्रत सीडीवर रुग्णाच्या हाती द्या, म्हणजे उद्या दाहाचं माप इथे उपलब्ध झालं तर जुनाच स्कॅन त्यासाठी वापरता येईल, पुन्हा किरणं घ्यावी लागणार नाहीत.

मी काय मागत नाही, तेही स्पष्ट करते. सरसकट सगळ्यांची सिटी अँजिओ करा असं माझं म्हणणं नाही. तिच्यात किरणं आहेत, रंगद्रव्याचं इंजेक्शन आहे, खर्च आहे. चरबीतल्या दाहाचं माप काढायला खास सॉफ्टवेअर लागतं; ते प्रत्येक केंद्रात आजच हवं असा हट्टही नाही. जे चित्र काढलंच आहे ते पूर्ण वाचा, एवढं मागते.

शेवटची मागणी वैद्यकीय महाविद्यालयांशी संबंधित आहे. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं अलीकडच्या वर्षांत सुरू झाली आहेत. हृदयावरच्या चरबीतल्या पेशी तपासायच्या तर नमुना शस्त्रक्रियेच्या वेळीच मिळतो. पण तिची जाडी साध्या इकोमध्ये, उजव्या कप्प्याच्या भिंतीवर मोजता येते. मोहिमेत इको होणारच आहेत. नीतिमत्ता समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती घेऊन ही जाडी आणि कंबरेचं माप या दोन नोंदी ठेवल्या, तर कोकणातल्या बारीक माणसाच्या हृदयाभोवती किती चरबी असते याचं उत्तर इथल्याच माणसांकडून मिळेल. बायपाससाठी कोल्हापूर-मुंबईला जाणाऱ्या आमच्या लोकांच्या चरबीचे नमुने, त्यांनी संमती दिली तर, तिथल्या शल्यचिकित्सकांशी बोलून अभ्यासाला मिळवता येतील. हा विषय या महाविद्यालयांनी आपला म्हणून हाती घ्यावा, अशी विनंती आपण त्यांना करावी.

आमच्या बाजूने आम्ही काय करू शकतो तेही लिहिते. तालुक्यातले काही औषधविक्रेते माझ्याशी बोलले आहेत. कंबर मोजायला आणि जुने अहवाल गोळा करून क्रमाने लावायला आम्ही माणसं देऊ. कोलेस्टेरॉलची गोळी मध्येच सोडणाऱ्यांना डॉक्टरांकडे परत पाठवण्याचं काम आम्ही आजपासूनच करू.

पहिलं शिबिर लागण्याआधी नियमावलीतल्या या दोन अटींबद्दल आपला निर्णय लेखी कळवावा. भेटून बोलायचं असेल तर शिबिराच्या गावी किंवा आपल्या कार्यालयात, म्हणाल त्या दिवशी, सगळे कागद घेऊन येते.

आपली,
देवगड तालुक्यातील एक औषधविक्रेती